एकोणिसावा अंक

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा अपमान झाला. वेळ लिहून ठेवतोय, कारण उद्या कोणी म्हणेल असं काही घडलंच नाही.

खालापूरच्या तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एका शेतकऱ्याच्या वारसदाखल्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होतो. फोन पुण्याहून, तेजश्रीचा. ‘कातळ्या’ या माझ्या चित्रकथेचे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अंक एकत्र ग्रंथरूपाने काढणारं जे प्रकाशन आहे, तिथली ही संपादक. वय असेल तीस. म्हणाली, “सर, श्रेयनामावलीचं पान पाठवलंय, बघून घ्या.” बघितलं. पहिलीच ओळ :

कातळ्या. निर्मिती : पोशा दरवडा आणि हरी दातार.

निर्मिती! आणि त्याचं नाव आधी!

वस्तुस्थिती नोंदवतो. शाळा दहावीला सुटली. १९८४ साली, सोळाव्या वर्षी, कर्जतच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो. शुद्धलेखन, व्याकरण, मांडणी, सगळं खिळे जुळवता जुळवता शिकलो. कोणी शिकवलं नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये स्वतःच्या हिमतीवर ‘कातळ्या’चा पहिला अंक काढला. डिसेंबर २००० पर्यंत अठ्ठेचाळीस. आपल्या मातीतला, मराठी बोलणारा, उडता न येणारा महानायक. अनवाणी पाय उघड्या कातळाला टेकला की अंगात डोंगराचं बळ. डांबरी रस्त्यावर आला की तुमच्याआमच्यासारखा माणूस. नाव माझं. संवाद माझे. नियम माझा. पोशाने चित्रं काढली. उत्तम काढली, मी कधी नाही म्हटलं? पण लग्नपत्रिका छापणारा नवरदेवाचा बाप होतो का?

तसं तेजश्रीला म्हटलं. ती म्हणाली, “सर, मी पोशादादांची मुलाखत घेतली. ते म्हणाले, गोष्ट आधी चित्रांत व्हायची, मग तुम्ही फुगे भरायचात.”

“फुगे भरायचो? मी काय जत्रेत बसतो?”

“संवादांचे फुगे म्हणतेय सर.”

मला ठाऊक आहे कसले फुगे ते.

एक गोष्ट मात्र तिने शहाणपणाची केली आहे. मुखपृष्ठ म्हणून एकोणिसाव्या अंकाचं शेवटचं पान निवडलंय. कातळ्या गावच्या वेशीवरचा शेंदरी दगड डोक्यावर उचलून खडी क्रशरच्या मशिनवर फेकतो, ते. वाचक अजून त्या पानाबद्दल बोलतात. मूळ चित्रात दगड नुसता काळा होता. वेशीवरच्या दगडाला शेंदूर असतो, एवढा तपशील चित्रकाराच्या लक्षात राहिला नव्हता. छपाईला जाण्याआधी तो केशरी रंग मी स्वतः, ब्रशने भरला. निर्मिती म्हणतात ती अशी.

रात्री जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. प्रमोदिनी म्हणाली, “अहो, तुम्ही कातळ्याचे वडील का मामा, ते आधी ठरवा आणि भाजी घ्या.”

७ जानेवारी

तेजश्रीला तीन पानी पत्र पाठवलं. अठरा मुद्दे. उत्तर चार ओळींचं : “सर, तुमच्या मूळ संहिता असतील तर पाठवा, श्रेय त्याप्रमाणे बदलू.”

संहिता! या मुलांना वाटतं सगळं जग संगणकात जपलेलं असतं. मी दर महिन्याला कथा पोस्टकार्डावर लिहून पोशाला धाडायचो. तो चित्रं काढून आणायचा, मग मी संवाद घालायचो. कार्डं त्याच्याकडे. ती मिळाली की प्रश्न मिटला.

१० जानेवारी, शुक्रवार

पुन्हा फोन. पोशाने संमतिपत्रावर सही केलेली नाही. दोघांच्या सह्यांशिवाय ग्रंथ निघणार नाही, वकिलाचं तसं म्हणणं आहे.

“श्रेय वाढवून हवंय का त्याला?” मी विचारलं.

“नाही सर. नाव कुणाचंही कुठंही टाका म्हणतात.”

“मग अडलंय कुठं?”

“ते मला सांगत नाहीत. ‘हरीभाऊला येऊ दे’ एवढंच म्हणतात.”

म्हणजे मी यायचं! ज्याला मी नेरळच्या शाळेची भिंत रंगवताना पाहिलं, एकोणीस वर्षांचा होता तेव्हा, ज्याच्या हातात पहिलं शाईचं पेन मी दिलं, त्याच्या दारात मी यायचं, पुण्याच्या मुलीच्या निरोपावरून!

जाणार आहे. कार्डांसाठी.

१२ जानेवारी, रविवार

सविस्तर लिहितो. आत्ताच लिहिलं नाही तर तपशील बदलतील.

स्कूटरवर निघालो, खालापूर ते कर्जत, कर्जत ते नेरळ, तिथून पोशीर. पोशीरच्या वर वाडीपर्यंत आता सिमेंटचा रस्ता झालाय. शेतांत वाल छान आलाय. पोशा अंगणात पत्र्याच्या पाटीवर ‘गाळे भाड्याने देणे आहे’ रंगवत होता. हल्ली कुंभिवलीच्या हायवेवरच्या ढाब्यांच्या, गॅरेजच्या पाट्या करतो. ‘भाड्याने’मधला ‘ने’ जरा वर गेला होता. मी बोललो नाही.

“आलं का भाऊ? बसा.” उठला नाही, ब्रश खाली ठेवला नाही. त्याची बायको सुनिता हिने पोतं झटकून टाकलं, कोरा चहा आणला. ओटीवर त्याची आई चिंधी बसलेली. नव्वदीची असेल. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, कारण इथे पूर्वी कधी आलोच नव्हतो.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ह्योच का रं त्यो? दगड फेकनारा?”

“आये, गप ऱ्हा की.”

“हात तर काडीसारं हायत.”

सुनिता तोंडाला पदर लावून आत गेली. मी चहा घेतला. अशा वेळी माणसाने चहा घ्यावा.

मग म्हटलं, “पोशा, कार्डं आहेत का माझी?”

“हायत. देतो. पयलं एक सांगा. पुस्तकावर त्यो दगडाचा फोटू घालनार हायत?”

“मुखपृष्ठावर. का?”

“मंग सही नाय.”

मला वाटलं हा पैशांची बोलणी लावतोय. तसं नव्हतं. ब्रश रॉकेलमध्ये खळबळवत, माझ्याकडे न बघता बोलत होता.

“मी काळा काडला व्हता त्यो. आठवतं?”

“आठवतं ना. शेंदूर विसरला होतास. मी लावला.”

“इसरलो नव्हतो.”

त्याचं पुढचं बोलणं जसंच्या तसं देतो. “भाऊ, आमच्या येशीवरला वाघदेव हाय त्यो. त्याच्यावर एक भेग हाय बगा, वाकडी, तशीच काडली व्हती मी. दुसरा दगड मला म्हाईतच नाय. पन शेंदूर नाय तवर त्यो नुसता दगड. कातळ्या उचलंल, फेकंल, कोन काय बोलनार? शेंदूर लावला का देव झाला. तुमी देव उचलून मशिनीवर आपटला.”

अंक वाडीत पोचला. पोरांनी मोठमोठ्यानं वाचून दाखवला. त्याच उन्हाळ्यात बिबट्याने चार शेळ्या नेल्या. वाडीच्या भगताने कौल लावून कारण काढलं : अंकात देव फेकला, म्हणून वाघदेव कोपला.

मी म्हटलं, “अरे, बिबट्या काय अंक वाचून येतो?”

“बिबट्या नाय वाचत. मानसं वाचत्यात.”

चिंधी दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्या दगडाला शेंदूर लावायची. लग्न होऊन आली तेव्हाच तो मान तिच्या सासूकडून तिच्याकडे आला होता. त्या वर्षी सगळ्या वाडीसमोर भगताने तिच्या हातातली शेंदराची वाटी काढून घेतली. दोन वर्षं दिली नाही. लेकानं देव विकला, असं लोक बोलायचे.

“मला का नाही सांगितलंस?”

“आलो व्हतो की छापखान्यात. तुमी वाचकांची पत्रं वाचत व्हते. म्हनाले, बघ रं पोशा, शेंदराचं किती कवतिक करत्यात लोक. मंग च्या पिऊन आलो परत.”

मला हे आठवत नाही. पत्रं आठवतात. त्रेसष्ट आली होती.

“शेळ्या गेल्या तवाच आयनं ब्रश चुलीत घातलं. चार म्हैने कागदाला हात नाय लावू दिला.”

विसावा अंक चार महिने उशिरा निघाला होता. एप्रिलचा ऑगस्टला. मी आतल्या पानावर चौकटीत निवेदन दिलं होतं : ‘चित्रकाराच्या हलगर्जीपणामुळे अंकास विलंब झाला, वाचकांची क्षमा मागतो.’ माझी समजूत होती की तो पीत होता. खात्री केली नव्हती. मी, खात्री केली नव्हती.

कार्डं बिस्किटाच्या डब्यात होती. देताना पोशा म्हणाला, “मोजून घ्या. नायतर म्हनाल पोशानं खाल्ली.” एकेचाळीस आहेत. सात गहाळ.

निघताना चिंधी काहीतरी बोलली, मला कळलं नाही. पोशाला विचारलं. “काय नाय,” म्हणाला. सुनिता म्हणाली, “पुन्यांदा या, पन हात रिकामं आना, ब्रश-शेंदूर नगं, म्हनत्यात.”

१२ जानेवारी, रात्री

संतापलो आहे. सव्वीस वर्षं दहा महिने ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली. मला कळवलं असतं तर मी दुरुस्ती छापली असती. मी प्रत्येक चुकीची दुरुस्ती छापली आहे, अगदी अंक सातमध्ये ‘उल्हास’ नदीच्या जागी ‘पाताळगंगा’ पडलं होतं त्याचीसुद्धा. ज्याला चूक माहीत आहे आणि जो सांगत नाही, त्याची चूक मोठी की करणाऱ्याची?

आणि कळकळ माझीच होती. कुंभिवलीजवळ रस्ता रुंद करताना असाच एक शेंदरी दगड जेसीबीने उचलून बाजूला टाकलेला मी डोळ्यांनी बघितला होता. रक्त उसळलं होतं म्हणून ती कथा लिहिली. देवाच्या बाजूने लिहिली!

१३ जानेवारी, सोमवार

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून कार्डं वाचली. क्रमाने लावली, शब्द मोजले.

अंक १ : “सोळा पानं. नायकाला बूट काढ. सुपरहिरो अनवाणी नसतो.” (अनवाणी काढून आणला होता. विचारल्यावर म्हणाला, “त्याला कातळ लागतो पायाला, तवाच त्याच्यात जोर येतो.” यावरून मला तो सगळा नियम सुचला. सुचायला माणूस लागतो.)

अंक ५ : “पूर घे. बुधवारी ये.” चार शब्द.

अंक ११ : “धरणाचं काहीतरी. मागचा खलनायक परत आण, लोकांना आवडला. त्याचं नाव मी बघतो.”

अंक २६ : “तुला सुचेल ते. मी मुंबईला चाललोय.”

अशी चाळीस. सरासरी अकरा शब्द, त्यांतले निम्मे तारखांचे. पोस्टकार्डावर जागा कमी असते हे लक्षात घेतलं पाहिजे. शिवाय त्याला एवढ्यावर कळायचं, विस्ताराची गरज नव्हती. हेही एक प्रकारचं लेखनच, कमीत कमी शब्दांत.

एकच कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं, पत्त्याच्या कडेनेसुद्धा, मुंगीच्या अक्षरात. एकशे सत्त्याऐंशी शब्द. पानवार सगळी कथा, प्रत्येक चौकट, कोण कुठे उभा, काय बोलतो. शेवटी अधोरेखित : “दगडाला शेंदूर हवाच. तपशील महत्त्वाचा.”

अंक १९.

प्रमोदिनी चहा घेऊन आली होती. खांद्यावरून वाचलं तिने. कप कार्डांपासून लांब सरकवून ठेवला, तेच मला लागलं. “बोल,” म्हटलं.

“काय बोलू? संहिता हवी होती ना, सापडली की.”

१५ जानेवारी

दिवसभर गिऱ्हाइकांशी वाकडं बोललो. प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी ‘वर लिहिलेले सर्व माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे’ हे वाक्य टाइप करावं लागतं. आज सात वेळा केलं.

१९ जानेवारी, रविवार

तेजश्रीला फोन केला. मुद्दे लिहून ठेवले होते.

एक : ते मुखपृष्ठ रद्द. दुसरं कुठलंही घ्या. दोन : एकोणिसावा अंक ग्रंथात घ्यायचा नाही.

ती ओरडलीच. “सर! तो सगळ्यात गाजलेला अंक आहे. जाहिरातीत तेच चित्र गेलंय!”

“मग जाहिरात बदला.”

“दगड काळा करून घेऊ का? दोन मिनिटांचं काम आहे संगणकावर.”

मला इतका राग आला की फोन कानापासून दूर धरला. “अहो, सत्तावीस वर्षं शेंदरी छापून, आता कोणी बघत नाही म्हणून काळा करायचा? ही दुरुस्ती नाही, ही लबाडी आहे!”

“बरं, मग पुढच्या अंकांचे नंबर बदलू. सत्तेचाळीस अंकांचा संग्रह म्हणू. कुणाला कळणारही नाही.”

“कळलं पाहिजे. अठरानंतर वीस. मध्ये एक पान कोरं, त्यावर निवेदन. निवेदन मी लिहीन.”

तिने ते लिहून घेतलं. मग हळूच, “आणि सर, निर्मितीच्या ओळीचं काय ठरलं? कार्डं मिळाली का?”

“मिळाली. एकेचाळीस. स्कॅन करून पाठवतो, सगळी छापा. नावं अकारविल्हे लावा.”

“अकारविल्हे लावली तर पोशादादांचं आधी येईल सर. प आधी, ह शेवटी.”

“मला वर्णमाला येते. नियम म्हणजे नियम.”

असल्या बाबतीत अडून राहायचं नसतं. तत्त्वाचा प्रश्न होता.

२ फेब्रुवारी

निवेदनाचे खर्डे : नऊ. पहिल्यात तीनशे शब्द झाले होते, जेसीबीचा प्रसंगही होता. प्रमोदिनीने वाचून विचारलं, “माफी कुठल्या पानावर आहे?” आचरटपणा. पण तिसऱ्या खर्ड्यापासून जेसीबी काढला. सहाव्यापासून वाचकांची पत्रं काढली. उरलं ते हे :

‘या संग्रहात एकोणिसावा अंक नाही. त्या अंकातील दगड हा एका वाडीचा वाघदेव आहे. चित्रकार पोशा दरवडा यांनी तो बिनशेंदराचा काढला होता. संपादकाने अनवधानाने त्यावर शेंदूर भरला आणि त्याची झळ श्रीमती चिंधी दरवडा यांना दोन वर्षे सोसावी लागली. त्यानंतरचा अंक उशिरा निघाला तो चित्रकाराच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. ते निवेदन खोटे होते. – हरी दातार’

स्वच्छ, मुद्देसूद. यात आता एकही शब्द काढता येणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पोशा सही करायला खालापूरला आला. रविवार, कचेरी बंद, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी खुर्ची दिली. त्याने बाकड्यावर बसून संमतिपत्र बाजूला सारलं. “आदी त्ये तुमचं लिवलेलं दाखवा.”

“वाचून दाखवू?”

“वाचतो की. सातवीपोत गेलोय. तुमच्यापेक्षा तीन इयत्ता कमी, एवढंच.”

बोटाने ओळ धरून वाचलं. सावकाश. आईचं नाव आलं तिथे बोट थांबलं, ‘श्रीमती’वर. हसला नाकातल्या नाकात. “आयला सांगतो, तू श्रीमती झाली. घाबरंल.”

मग पुढे गेला, परत मागे आला. माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली. माझी! एका शब्दाखाली रेघ मारली.

“ह्यो शब्द काय?”

“अनवधानाने. म्हणजे नकळत. लक्षात न येता.”

“नकळत?” त्याने माझ्याकडे बघितलं, आज पहिल्यांदा नीट. “भाऊ, कार्डाच्या दोनी अंगांनी लिवलं व्हतं तुमी. खाली रेघ मारली व्हती. नकळत कसं?”

मी सांगू लागलो की हेतू आणि परिणाम यांत फरक असतो, मला देव आहे हे ठाऊक होतं पण कुणाचा ते ठाऊक नव्हतं, आणि निवेदनाच्या भाषेत असा शब्द घालण्याची पद्धत आहे. तो ऐकत राहिला. पेन्सिल हातात तशीच.

“ठाव नव्हतं, ह्ये खरं,” म्हणाला. “पन इचारलं पन नव्हतं. काडा त्यो.”

एकेचाळीस वर्षं छपाईच्या धंद्यात आहे. माझ्या मजकुरावर दुसऱ्या माणसाने लाल रेघ मारायची ही पहिली वेळ, आणि तीही पाट्या रंगवणाऱ्याने, माझ्याच दुकानात, माझ्याच पेन्सिलीने. मी वाक्य पुन्हा वाचलं. त्या शब्दासह वाचलं, त्याच्याशिवाय वाचलं. पाच वेळा.

काढला. ‘संपादकाने त्यावर शेंदूर भरला.’

पोशाने सही केली. अक्षर सुरेख आहे, तेवढं मान्य करावं लागेल.

इथे नोंद करून ठेवतो की प्रुफाच्या दुसऱ्या वाचनात तो शब्द मलाही खटकलाच असता.